गावाबद्दल लिहिलंय, पण सांगितलं कोणी? विकिपीडियावरची गावाची नोंद तपासायची रीत

नववीतल्या एका मुलीनं प्रकल्पाच्या वहीत लिहून आणलं होतं, 'आमच्या गावचा आठवडी बाजार तीनशे वर्षांपासून भरतो.' मी विचारलं, हे कोणी सांगितलं? ती म्हणाली, "विकिपीडियावर हाये जी सर. खाली पेपरचं नावबी हाये."

मी पाहिलं. वाक्य होतं आणि त्यापुढे वर्तमानपत्राचा संदर्भही होता. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. काही वर्षांपूर्वी ते मीच लिहिलं होतं. बाजारातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं सांगितलेलं ऐकून, संदर्भ न देता, गावाचं नाव व्हावं या हौसेनं. पुढे एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आमच्या गावावर लेख आला, त्यात ते शब्दही न बदलता छापलं गेलं. मग कोणीतरी भल्या मनानं तीच पुरवणी संदर्भ म्हणून माझ्या वाक्याला जोडली. अशा रीतीनं माझी ऐकीव गोष्ट दोन फेऱ्यांत पुरावा झाली आणि आता ती मुलांच्या वहीत उतरली होती.

त्या दिवसापासून मी आमच्या आणि आजूबाजूच्या तहसिलींतल्या गावांच्या नोंदी वाक्यावाक्यानं तपासतो. विदर्भातल्या लहान गावांवर फारसं छापलेलं नाही, त्यामुळे इथे एक चुकीचं वाक्य खोडणारं दुसरं पुस्तक सहज हाती लागत नाही. ते वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहतं. म्हणून हे काम गावातल्या माणसानंच करायला हवं. त्यासाठी एक मोबाइल, एक पेन्सिल आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

आधी एक अट ध्यानात घ्या. ज्ञानकोशात एखादी गोष्ट राहायची, तर ती कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापलेली दाखवता आली पाहिजे. 'मला माहीत आहे', 'माह्या आज्यानं सांगतलं' हे तिथे चालत नाही. गावच्या माणसाला ही अट बोचते, मलाही बोचली होती. पण आपल्या माहितीचा उपयोग दुसरा आहे: कुठे शोधायचं ते ती सांगते.

पहिलं काम: नोंद कागदावर घ्या आणि वाक्यं फोडा

मोबाइलवर वाचताना डोळा घसरतो. झेरॉक्सच्या दुकानातून नोंदीची प्रत काढा, ओळींमध्ये जागा सोडून. मग एकेक वाक्य घ्या आणि त्यात किती दावे आहेत ते मोजा. नमुन्यादाखल मी रचलेलं हे वाक्य पाहा. अशी वाक्यं विदर्भातल्या कितीतरी नोंदींत भेटतात:

'पैनगंगेच्या काठी वसलेल्या या प्राचीन नगरीत हेमाडपंतांनी अकराव्या शतकात बांधलेले महादेवाचे मंदिर असून श्रावणात येथे लाखो भाविक येतात.'

यात निदान सहा दावे आहेत. गाव पैनगंगेच्या काठी आहे. नगरी प्राचीन आहे. मंदिर हेमाडपंतांनी बांधलं. ते अकराव्या शतकातलं आहे. ते महादेवाचं आहे. श्रावणात लाखो लोक येतात. वाक्याच्या शेवटी संदर्भाचा एकच आकडा असेल, तर तो बहुतेकदा यांतल्या एकाच दाव्याचा असतो, उरलेले त्याच्या आडोशाला बसलेले असतात. प्रत्येक दाव्याखाली वेगळी रेघ ओढा. संदर्भ असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे प्रश्नचिन्ह. विशेषणंही सोडू नका. 'प्राचीन', 'सुप्रसिद्ध', 'ऐतिहासिक', 'जागृत' हे सगळे दावेच आहेत.

काही वेळा पुस्तक न उघडताही दावा कोसळतो. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. तो देवगिरीच्या यादवांकडे, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात मंत्री होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अकराव्या शतकातलं मंदिर त्यानं बांधलं असणं शक्य नाही. झालंय असं, की चुन्याविना दगडावर दगड बसवलेल्या जुन्या देवळांना आपल्याकडे सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात, त्याच्या आधीच्या देवळांनासुद्धा. बोलण्यातला तो शब्द लिहिताना माणसाचं नाव झाला. इथे 'हेमाडपंती शैलीतील' एवढंच लिहिता येईल, तेही तसं म्हणणारा संदर्भ असेल तर. शतक लिहायचं असेल, तर पुरातत्त्व खात्याचा अहवाल किंवा शिलालेखाचं प्रसिद्ध झालेलं वाचन लागेल. 'पांडवकालीन' या शब्दापुढे तर न चुकता प्रश्नचिन्ह घाला.

दिलेले संदर्भ खरोखर उघडून पाहा

बहुतेक जण हे करत नाहीत. निळा आकडा दिसला की समाधान होतं. तुम्ही प्रत्येक आकड्यावर टिचकी मारा आणि तीन गोष्टी पाहा.

पान उघडतं का? सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांचे तर फारच. पान मेलं असेल म्हणून संदर्भ लगेच काढू नका. तो पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका, जुनी प्रत सापडण्याची बरीच शक्यता असते. सापडली तर तिचा दुवा जोडून द्या.

उघडलेल्या पानावर तेच लिहिलंय का? मी एका नोंदीत तळ्याच्या क्षेत्रफळाला जोडलेला संदर्भ उघडला, तर आत रस्त्याच्या कामाची निविदा होती. पान खरं, सरकारी, पण तळ्याचा उल्लेखच नाही. असा संदर्भ नसलेल्यापेक्षा वाईट, कारण पुढचा वाचक तो पाहून निश्चिंत होतो.

आणि तिसरं, ज्यानं मी फसलो ते: हा संदर्भ या नोंदीवरूनच तर उचललेला नाही ना? हे ओळखायला नोंदीच्या वर असलेल्या 'इतिहास पहा' या पानावर जा. तिथे नोंदीत झालेला प्रत्येक बदल तारखेसह असतो. मधली एखादी आवृत्ती उघडा. वाक्य तिथे असेल तर आणखी मागे जा, नसेल तर पुढे या. अर्धंअर्धं करत गेलं, की पंधरा मिनिटांत ते वाक्य कोणत्या दिवशी आलं हे सापडतं. मग लेखाची तारीख पाहा. वाक्य २०१४ मध्ये आलं आणि बातमी २०१७ ची असेल, शब्दही जुळत असतील, तर ती बातमी पुरावा नाही. लग्नाच्या हॉलची जाहिरात करणारी संकेतस्थळं, 'आमचा तालुका' छापाचे ब्लॉग, पर्यटनाची पानं, हीसुद्धा बहुधा त्याच विहिरीचं पाणी पितात. दहा ठिकाणी तेच वाक्य सापडलं म्हणजे दहा पुरावे होत नाहीत. सगळ्यांत जुनं कोणतं, एवढाच प्रश्न विचारा.

आकडे: लोकसंख्या, साक्षरता, पिनकोड

आकडे तपासणं सोपं, कारण त्यांचं मूळ घर ठरलेलं आहे. गावाच्या लोकसंख्येसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्या. २०११ ची प्रत्येक जिल्ह्याची पुस्तिका दोन भागांत आहे: 'अ' भागात गावं-शहरांची निर्देशिका, 'ब' भागात लोकसंख्येचा प्राथमिक गोषवारा. दोन्ही जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रत्येक गावाला संकेतांक आहे. एकाच नावाची गावं शेजारी असतील, खुर्द-बुद्रुक असेल, तर नावावर न जाता संकेतांक जुळवा.

नेहमी सापडणाऱ्या चुका अशा. नोंदीत गावाची म्हणून तहसिलीची लोकसंख्या टाकलेली असते. 'लोकसंख्या (२०२१)' असं लिहिलेलं असतं, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा तो आकडा कोणाचा तरी अंदाज आहे. 'शहर' या शब्दावरही घोळ होतो. २०११ नंतर राज्यातल्या अनेक तहसील मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तुमचं गाव आज नगरपंचायत असलं, तरी २०११ च्या पुस्तिकेत ते खेडं म्हणून असू शकतं, किंवा 'जनगणना शहर' म्हणून. त्यासाठी निकष होते: किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. हद्दही बदललेली असेल, म्हणून आकड्यासोबत साल आणि तेव्हाचा दर्जा दोन्ही लिहा.

साक्षरतेचा हिशेब स्वतः करून पाहा. जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात. समजा एका गावात १२,००० माणसं, त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलं १,५०० आणि साक्षर ८,४००. तर ८,४०० ला १०,५०० नं भागायचं, उत्तर ८० टक्के. कोणी १२,००० नं भागलं तर ७० येतं. दहा टक्क्यांचा फरक, आणि त्यावरून गाव मागास की पुढारलेलं याच्या गप्पा! शाळेत गणिताच्या तासाला ही तपासणी मुलांकडून करून घेण्यासारखी आहे.

पिनकोड विदर्भातला असेल तर ४४ नं सुरू होतो. गाडीचा क्रमांक अमरावतीला एमएच २७, यवतमाळला २९, वाशीमला ३७. हे पाच मिनिटांचं काम, फार वेळ घालवू नका. अंतर लिहिलं असेल तर ते रस्त्यानं की सरळ रेषेत, तेवढं पाहा.

इतिहास: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

गावाचा इतिहास तपासण्याआधी आपल्या भागाचा कारभार कोणत्या साली कोणाकडे होता, हे एका कागदावर लिहून समोर भिंतीला लावा. निम्म्या चुका त्या कागदावरूनच सापडतात.

वऱ्हाड निजामाकडे होता. १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य त्याच सुमारास खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

आता नोंद वाचा. '१९३० साली मुंबई प्रांतातील हे गाव' असं वऱ्हाडातल्या गावाबद्दल लिहिलं असेल, तर ते पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी गावाच्या नोंदीतून उचललंय. 'रझाकारांच्या जाचातून १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाले' हे वाक्य मराठवाड्यातल्या गावाचं असतं. मात्र इथे घाईनं खोडू नका: चंद्रपूर जिल्ह्यातला राजुऱ्याचा भाग हैदराबाद संस्थानात होता, तिथलं हे वाक्य खरं असू शकतं. बाहेरच्या माणसाला हा बारकावा सुचणार नाही. म्हणूनच तपासणारा इथला हवा.

जिल्ह्यांची नावंही काळाप्रमाणे पाहावी लागतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून निघाला, वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा जुना मजकूर हवा असेल, तर नुसतं 'वाशीम जिल्हा' शोधून भागणार नाही. त्याआधी कोणता जिल्हा होता, तिथे जा.

मग जुने ग्रंथ. १८७० मध्ये मध्य प्रांताचं आणि वऱ्हाडचं अशी दोन स्वतंत्र गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, निघाली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नि त्यानंतर लगेच जिल्हावार गॅझेटियर आली, यवतमाळचं १९०८ चं. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागानं नवी मालिका काढली. यांतले बरेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर आणि शासनाच्या संकेतस्थळांवर वाचता येतात. शेवटच्या प्रकरणात गावांच्या नोंदी इंग्रजी अक्षरक्रमानं असतात, आणि अडचण इथेच येते. तेव्हाचं स्पेलिंग आजचं नाही. अचलपूर शोधायचं तर 'एलिचपूर' पाहा, चंद्रपूर 'चांदा' म्हणून, वणी 'वून' म्हणून. यवतमाळ जिल्हा आधी वून जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. नाव सापडलं नाही की एकदा ते साहेबाच्या तोंडानं म्हणून पाहा आणि तसं लिहा.

गॅझेटियरमध्ये सापडलं म्हणजे काम संपलं असंही मानू नका. आठवडी बाजार, शाळा, टपाल कचेरी, १९०१ ची लोकसंख्या यांबाबत ते भरवशाचं आहे, कारण ती त्यांची स्वतःची मोजणी होती. पण गाव कोणी वसवलं, नाव कसं पडलं, हे त्यांनीही गावच्या पाटलाकडूनच ऐकून लिहिलं. जातीजमातींबद्दलच्या त्यांच्या शेऱ्यांत तर राज्यकर्त्याची नजर आहे. असा मजकूर घ्यायचाच असेल तर '१९०८ च्या गॅझेटियरनुसार' असं वाक्यातच सांगा, म्हणजे वाचकाला वजन कळेल.

'ऐन-इ-अकबरीत उल्लेख आहे' हा वऱ्हाडातल्या कसब्यांचा आवडता दावा. तो बऱ्याचदा खरा असतोही, कारण अबुल फजलनं वऱ्हाड सुभ्याचे सरकार (तेव्हाचे जिल्ह्यांसारखे भाग) आणि त्यांतले महाल यादीनं दिले आहेत. जॅरेटच्या इंग्रजी भाषांतराच्या दुसऱ्या खंडात ती यादी आहे. तिथे नाव पाहा, कोणत्या सरकारात आहे ते पाहा, आणि पानाचा क्रमांक नोंदीत घाला. पान नसलेला ग्रंथाचा संदर्भ म्हणजे जिल्ह्याचं नाव सांगून घर शोधायला पाठवणं. शिलालेख आणि ताम्रपटांसाठी रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत-वऱ्हाडच्या लेखांची सूची आणि वाकाटकांच्या लेखांवरचा वा. वि. मिराशींचा खंड ही दोन नावं लिहून ठेवा.

एका नावाची दोन गावं हा सापळा फार मोठा आहे. जुन्या पत्रांत, वर्तमानपत्रांत 'गांधीजी शेगावात राहायला गेले' असं वाचून कोणी ते बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या नोंदीत घातलं, तर वाक्याला संदर्भ असेल आणि तरी ते साफ चूक असेल. गांधीजी १९३६ मध्ये राहायला गेले ते वर्ध्याजवळच्या शेगावात. दोन शेगावांमुळे टपाल चुकायचं, म्हणून १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. कारंजाचंही तसंच. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड वेगळं, वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे वेगळं. आष्टी वर्धा जिल्ह्यातही आहे आणि बीडमध्येही. जुना मजकूर हाती आला की आधी शेजारच्या गावांची, नदीची, स्टेशनची नावं पाहा. ती जुळली तरच तो मजकूर तुमच्या गावाचा.

'एकमेव', 'सर्वांत मोठे', 'आशियात पहिले'

हे शब्द दिसले की पेन्सिल हातात घ्या. 'एकमेव' सिद्ध करायचं म्हणजे जगातल्या बाकी सगळ्या जागा तपासायच्या. ते गावच्या स्मरणिकेनं केलेलं नसतं.

नांदुऱ्याची १०५ फुटांची हनुमानमूर्ती महामार्गावरून जाताना लांबून दिसते आणि मन भरून येतं. पण तिला 'जगातील सर्वांत उंच हनुमानमूर्ती' म्हणता येत नाही. आंध्रातल्या परिताला इथली मूर्ती १३५ फुटांची आहे. '१०५ फूट उंच' हे खरं आहे, एवढं लिहिलं की काही कमी पडत नाही.

लोणारबद्दल 'बेसॉल्ट खडकातील जगातील एकमेव आघाती विवर' असं कितीतरी ठिकाणी लिहितात. दक्षिण ब्राझीलमध्येही बेसॉल्टात उल्कापातानं झालेली विवरं नोंदली गेली आहेत. तेव्हा 'मोजक्या विवरांपैकी एक' हे बरोबर. लोणारचं वय ही आणखी शिकण्यासारखी गोष्ट आहे. एका पद्धतीनं मोजलं तेव्हा सुमारे ५२,००० वर्षं आलं, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार. नोंदीत यांतला एकच आकडा असेल तर तो खोडून दुसरा घालायचा नसतो. दोन्ही लिहायचे, कोणत्या पद्धतीनं आले ते सांगायचं. संशोधकांचं एकमत नसताना आपण निकाल देऊ नये.

मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेवर 'आजही ब्रिटिश कंपनीची मालकी' हे वाक्यही असंच फिरत असतं. कुठेही वाचलं तरी विचारा: आज म्हणजे कोणत्या साली? सांगणाऱ्यानं कंपनीची कागदपत्रं पाहिली, की रेल्वेमंत्र्यांचं संसदेतलं उत्तर, की आधीचा लेख? 'आज' हा शब्द ज्ञानकोशात टाकूच नये, त्याजागी साल घालावं.

नावाच्या कथा आणि श्रद्धा

भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा. ही कथा चिखलदऱ्याच्या प्रत्येक गाइडच्या तोंडी आहे आणि ती नोंदीत असायलाच हवी. ती आपल्या भागाची ठेव आहे. फक्त 'नाव कीचकावरून पडले' असं न लिहिता 'नाव कीचकावरून पडल्याची आख्यायिका आहे' असं लिहा, आणि ती नोंदवणारा एखादा छापील संदर्भ द्या. कौंडिण्यपूरला रुक्मिणीचं माहेर मानतात, ही परंपरा. तिथे उत्खनन होऊन जुन्या वस्तीचे थर मिळाले, हे पुरातत्त्व. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण दोन वेगळ्या वाक्यांत लिहा. एकाच वाक्यात घातल्या की उत्खननानं रुक्मिणीचा वाडा सापडला असा अर्थ निघू लागतो.

रामटेकचं प्रकरण याहून नाजूक. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मिराशींनी साधार मांडलं. छत्तीसगडमधल्या सरगुजा भागातला रामगड म्हणजे रामगिरी, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. आपल्याला रामटेक जवळचं, म्हणून दुसरं मत गाळायचं नाही. 'मिराशी यांच्या मते' या तीन शब्दांनी वाक्य खरं होतं आणि रामटेकचा मानही राहतो.

भेटी आणि 'प्रसिद्ध व्यक्ती'

'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज येथे आले होते', 'गाडगेबाबांनी येथे कीर्तन केले' ही वाक्यं विदर्भात जवळपास प्रत्येक गावाला लागू होतील, दोघांचं फिरणंच तेवढं होतं. पण साल आणि छापील उल्लेख नसेल तर ती राहू शकत नाहीत. व्यक्तींच्या यादीत स्वतंत्र संदर्भ नसलेलं नाव ठेवू नका. हयात माणसाबद्दल वाईट काही लिहिलेलं असेल आणि त्याला संदर्भ नसेल, तर वाट न पाहता लगेच काढा.

गावातच मिळणारे कागद

पटवाऱ्याकडे, तहसील कचेरीच्या अभिलेखात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतात. गावाची कुरणं, तळी, वहिवाटीचे रस्ते, कोणाला कशाचा हक्क, हे त्यांत असतं. जुन्या मध्य प्रांताची ही ठेव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे तर मामा तलावांबद्दल, म्हणजे माजी मालगुजारी तलावांबद्दल, 'भोसलेकालीन' वगैरे लिहिलेलं तपासायला असे कागद उपयोगी पडतात. मागूनही मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मात्र अप्रकाशित कागद थेट ज्ञानकोशाचा संदर्भ होत नाही, कारण दुसऱ्या वाचकाला तो पाहता येत नाही. त्याचा उपयोग दोन प्रकारे करा. चूक कुठे आहे ते त्यावरून ओळखा आणि मग छापील आधार शोधा. आणि छापील आधार नसेलच, तर तो तयार करा: एखाद्या चांगल्या नियतकालिकाला लेख द्या, संपादकाला कागद दाखवा. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तर वेळ न घालवता ध्वनिमुद्रित करून ठेवा. मला बाजाराबद्दल सांगणारे ते व्यापारी आता नाहीत.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, यात्रेची पत्रकं जपून वापरा. शाळा कोणत्या साली सुरू झाली यासाठी शाळेची स्मरणिका चालेल. गाव कोणत्या शतकातलं यासाठी ती चालणार नाही.

दुरुस्ती कशी करायची

तपासून झालं की प्रत्येक दाव्याचं यांपैकी काहीतरी होतं. आधार मिळाला: संदर्भ जोडा, पानासह. आधार मिळाला पण कमी सांगतो: वाक्य आधाराएवढं आखूड करा. आधार नाही पण दावा शक्यतेतला आहे: वाक्यापुढे दुहेरी महिरपी कंसांत 'संदर्भ हवा' लिहा, तशी खूण मराठी विकिपीडियावर तयार आहे. नंतर काही महिने थांबा. दावा अशक्य आहे, किंवा बिनआधार आणि कोणाला अपाय करणारा आहे: काढून टाका.

हात बसेपर्यंत 'धूळपाटी'वर सराव करा. एका वेळी एकच बदल जतन करा आणि संपादन सारांशात कारण लिहा: 'हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणून अकरावे शतक काढले'. वाक्य काढण्याआधी 'चर्चा' पानावर ते उतरवून ठेवा आणि तुम्ही कुठे कुठे शोधलं ते सांगा. हे फार मोलाचं असतं. पुढच्या माणसाला तेच गॅझेटियर पुन्हा चाळावं लागत नाही.

कोणी तुमचा बदल उलटवला तर तुम्ही पुन्हा उलटवत बसू नका. चर्चा पानावर विचारा, तिथे सुटलं नाही तर 'चावडी'वर, म्हणजे विकिपीडियाच्या सामूहिक चर्चेच्या पानावर न्या. गावातली माणसं रागावतील हेही धरून चला. मी बाजाराचं वाक्य काढलं तेव्हा चहाच्या टपरीवर मला ऐकावं लागलं, "मास्तर, गावचं नाव कमी काऊन करता?" मी त्यांना मोबाइलवर इतिहासाचं पान उघडून माझं जुनं वाक्य आणि त्याची तारीख दाखवली. त्यांपैकी एकानं दुसऱ्या दिवशी वडिलांच्या पेटीतली, बाजाराच्या ठेक्याची जुनी पावती आणून दिली.

ती पावती संदर्भ म्हणून वापरता आली नाही, पण तिच्यावर जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं. त्या स्पेलिंगनं १९०८ च्या गॅझेटियरमध्ये आमचं गाव सापडलं. चार ओळींची नोंद, त्यांतली एक: इथे आठवडी बाजार भरतो. मुलीनं वहीतलं 'तीनशे वर्षांपासून' खोडलं आणि 'किमान १९०८ पासून' लिहिलं. मग स्वतःच थांबली. म्हणाली, "सर, मंधात बंद पडला असंन तर?" तिनं पुन्हा खोडलं आणि लिहिलं, '१९०८ मध्ये येथे आठवडी बाजार भरत असे.' पुढे पानाचा क्रमांक घातला.